घरापुरतं घरचं: स्वयंपूर्णतेच्या वाटेवरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा वर्षांपूर्वी आम्ही चौघं एक एकराहून थोड्या कमी जागेवर राहायला आलो. तेव्हापासून लोक प्रश्न विचारत आलेत आणि त्यातले बरेचसे तेच ते असतात. इथे ते विचारणाऱ्यांच्या शब्दांत ठेवलेत. आधी साधे, मग अडचणीचे. एका प्रश्नात दुसऱ्याचा संदर्भ आला, तर क्रमांक दिलाय.

१. स्वयंपूर्ण म्हणजे बाहेरून काहीच आणायचं नाही का?

मीठ, लोखंडी अवजारं, औषधं, चष्मा या गोष्टी कुठलंही एकटं घर करत नाही आणि पूर्वीही करत नव्हतं. त्यामुळे तो नाद सोडा. आम्ही स्वतःला दोन प्रश्न विचारतो. घरात येणारी अमुक वस्तू आठवडाभर आली नाही तर काय अडेल? आणि घराबाहेर जाणाऱ्या कचऱ्यातलं, सांडपाण्यातलं काय इथेच जिरलं असतं? पहिल्या प्रश्नाने पाणी यादीत सगळ्यात वर येतं आणि कोंबड्या बऱ्याच खाली जातात. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात, कारण कोंबड्या आणल्या की घर भरल्यासारखं वाटतं. पाण्याची टाकी बघायला कुणी पाहुणा येत नाही.

२. आम्हाला सगळंच करायचंय. सुरुवात कुठून करू?

एका वहीपासून. महिनाभर घरात जे विकत आलं ते लिहा आणि जे टाकून दिलं तेही लिहा. महिन्याच्या शेवटी त्या वहीतच तुमचा क्रम दिसतो, आणि तो शेजाऱ्याच्या क्रमासारखा नसतो.

त्यातही जे फळायला वेळ घेतं ते आधी लावा. फळझाडाला काही वर्षं लागतात, कोथिंबिरीला दीड महिना. म्हणून पहिल्या वर्षात फळझाडं, पाणी साठवायची सोय, कंपोस्टचा ढीग आणि दहा-पंधरा चौरस मीटरचा एकच वाफा, एवढं पुरे. वाफा लहान ठेवा. मोठा केला की पावसाळ्यात तणाखाली जातो आणि माणूस हिरमुसतो. दुसऱ्या वर्षी वाफे वाढवा, तिसऱ्या वर्षी जनावरांचा विचार करा.

आम्ही हे कुठे केलं? आम्ही शेळ्या आधी आणल्या आणि कुंपण नंतर. एका दुपारी आम्ही जेवून उठेपर्यंत दोन शेळ्यांनी नऊ कलमांची साल सोलून खाल्ली होती, बुंध्यापासून थेट तोंड पोचेल तिथपर्यंत. साल चहूबाजूंनी गेली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. पानं पंधरा दिवस हिरवी राहिली, म्हणून आम्ही आशा धरून होतो. मग एकेक करून नऊही वाळली. एक ना धड, भाराभर चिंध्या, ही म्हण आमच्या घरात तेव्हापासून कुणी हसत म्हणत नाही.

३. चार माणसांच्या कुटुंबाला किती जागा लागते?

भाजीपाल्यापुरती म्हणाल तर आश्चर्य वाटेल इतकी कमी. आणि पूर्ण पोट भरायचं म्हणाल तर वाटते त्याहून बरीच जास्त.

हिशेब असा. माणशी दिवसाला सरासरी २,००० किलोकॅलरी धरल्या, तर चौघांच्या वर्षाला साधारण २९ लाख होतात. एक किलो गव्हात सुमारे ३,४०० किलोकॅलरी असतात. म्हणजे नुसत्या गव्हावर भागवायचं तर ८६० किलो गहू लागेल. हेक्टरी ३ टन उतारा धरला, तर त्याला जवळपास २,९०० चौरस मीटर, म्हणजे पाऊण एकराला थोडी कमी जागा पडते. बटाट्याचा उतारा चौरस मीटरला २ किलो धरला आणि किलोला ७७० किलोकॅलरी, तर १,९०० चौरस मीटरमध्ये भागतं. हे झालं कागदावर. त्यात तेल नाही, वाटा नाहीत, बांध नाहीत, रोग नाही, आणि वर्षभर नुसता बटाटा खाणारं कुटुंब मी तरी पाहिलेलं नाही.

ताज्या भाजीला मात्र १०० ते २०० चौरस मीटर नीट राखलेली जागा चौघांना पुरते. १ गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, तेव्हा एक-दोन गुंठे झाले. माझं मत विचाराल तर जागा एकराच्या आत असेल तेव्हा धान्याच्या मागे लागू नये. धान्य टिकतं आणि वर्षाचं एकदम घेऊन ठेवता येतं (साठवणीचं प्रश्न १३ मध्ये). पालेभाजी, फळं, अंडी या नाशवंत गोष्टी घरच्या असाव्यात, कारण चवीचा आणि ताजेपणाचा सगळा फरक तिथेच पडतो.

४. आम्ही दोघंही नोकरी करतो. जमेल का?

जमेल, पण कामांचे दोन ढीग करा: रोजची आणि आठवड्याची. तण चार दिवस थांबतं, शेळीची कास थांबत नाही.

आमच्या वहीतले आकडे सांगते. १२० चौरस मीटर भाजीला लागवडीच्या दिवसांत आठवड्याला सहा-सात तास जातात, एरवी तीन. कोंबड्यांना रोज वीस मिनिटं. दोन दुभत्या शेळ्यांना रोज दीड तास, त्यात सुट्टी नाही, सण नाही, ताप नाही. दोघं नोकरी करत असाल तर पहिली काही वर्षं दुभतं जनावर आणू नका. झाडं, भाजी, कंपोस्ट, पाणी आणि फार तर पाच-सहा कोंबड्या, एवढ्यावर थांबा. जागा संपायच्या आधी वेळ संपतो, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

५. छतावरचं पाणी साठवून किती मिळेल?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एवढं पाठ केलं की पुढचं सोपं. १०० चौरस मीटर छत, वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर, त्यातला पाचवा हिस्सा उडून, सांडून जातो असं धरलं तर ४८,००० लिटर हाती येतं. छताचं मोजमाप उताराच्या बाजूने करू नका. वरून पाहिल्यावर जमिनीवर जेवढी सावली पडेल तेवढंच क्षेत्र धरा.

आता खर्चाची बाजू. कोरड्या दिवसांत भाजीला रोज ४ ते ५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे १०० चौरस मीटरला ४०० ते ५०० लिटर. ते ४८,००० लिटर नुसत्या भाजीलाच शंभर-एकशेवीस दिवसांत संपतं. पिणं आणि स्वयंपाक मात्र चौघांचा रोजचा तीस लिटरच्या आत होतो, म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीत जवळपास वर्ष निघतं. म्हणून टाकीचा आकार ठरवताना आधी ठरवा की पाणी कशाला हवंय. पिण्याचं पाणी टाकीत ठेवावं. बागेचं पाणी शक्यतो मातीत ठेवावं: चर खणून, आच्छादन घालून, सेंद्रिय अंश वाढवून. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा पाऊस पडत असताना एकदा छत्री घेऊन बाहेर उभं राहा आणि पाणी कुठून कुठे धावतं ते बघा. आमचे चर त्या एका तासात ठरले.

टाकीला झाकण घट्ट हवं, उजेड आत जायला नको (शेवाळ धरतं) आणि तोंडाला डासांची जाळी हवी. पन्हळीत जमा होणारी पहिली सर सोडून द्यायची सोय करा. १०० चौरस मीटर छताला पहिले १०० ते २०० लिटर वाहून जाऊ द्या, पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ त्यातच जाते.

६. मग ते पाणी थेट पिता येईल?

थेट नाही. गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. २,००० मीटरहून उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. इंधन वाचवायचं असेल तर स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या एक-दोन लिटरच्या बाटल्या भरून सहा तास कडक उन्हात आडव्या ठेवल्या तरी जंतू मरतात. ढगाळ असेल तर दोन दिवस ठेवा. पाणी गढूळ असेल तर ही युक्ती चालत नाही, आधी गाळून निवळलेलं हवं.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. उकळल्याने जंतू मरतात, पण शिसं, कीटकनाशक, डांबर जात नाही. छताला जुना शिशाचा रंग असेल किंवा पन्हळीचे सांधे शिशाचे असतील, तर ते पाणी पिण्यासाठी धरूच नका.

७. आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी भाजीला घातलं तर चालतं का?

फळझाडांना उत्तम. मुळा, गाजर, कोशिंबिरीची पानं अशा कच्च्या खायच्या भाजीला नको. हे पाणी साठवू नका, चोवीस तासांत वास मारायला लागतं, आलं की सोडून द्या. पाटाने आच्छादनाखाली सोडा, फवाऱ्याने पानांवर नको. बोरॅक्स असलेली धुण्याची पूड झाडांना घातक आणि सोडियम जास्त असलेला साबण मातीची पोत बिघडवतो. लहान मुलाची दुपटी किंवा आजारी माणसाचे कपडे धुतलेलं पाणी शोषखड्ड्यातच जाऊ द्या.

८. कंपोस्टला वास येतो, चिलटं होतात, महिने झाले तरी काही होत नाही. काय चुकतंय?

या तीन तक्रारींची कारणं तीन आहेत.

अमोनियासारखा झोंबणारा वास म्हणजे ओला, हिरवा माल जास्त झाला. कोरडी पानं, काडीकचरा, फाडलेला पुठ्ठा घाला. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही. ढीग उलटा. वास नाही पण हालचालही नाही, म्हणजे एक तर कोरडा पडलाय किंवा ढीग फार लहान आहे. मूठभर माल घेऊन पिळा: एखाद-दुसरा थेंब यावा, धार येऊ नये. चिलटांसाठी प्रत्येक ओल्या थरावर कोरड्या पानांचा थर टाका, बाकी काही करायची गरज नाही.

कार्बन आणि नत्र यांचं प्रमाण २५ ते ३० ला १ असं राहिलं की ढीग तापतो. वजनकाटा कुणी घेऊन बसत नाही. आकारमानाने दोन-तीन घमेली कोरडं आणि एक घमेलं ओलं, एवढं लक्षात ठेवा. भुसा जपून घाला, त्यात कार्बन फार. ढीग लांबी, रुंदी, उंचीला मीटरभर तरी हवा, तरच आत ऊब धरते. ५५ अंशांवर तीन-चार दिवस टिकला तर तणाचं बहुतेक बी आणि रोगजंतू मरतात, पण कडेचा माल थंडच राहतो, तो उलटून आत घ्यावा लागतो. मधोमध लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढा. हातात धरवली नाही तर ढीग चालू आहे.

९. विकत आणलेलं शेणखत घातलं आणि टोमॅटोची पानं मुरडून दोरीसारखी झाली. रोग आहे का?

विषाणूही असू शकतो, पण वाफ्यातली टोमॅटो, बटाटा, घेवडा, वाटाणा सगळी एकदम मुरडली असतील आणि शेजारचा मका ठणठणीत असेल, तर खताकडे बघा. गवताळ कुरणातलं रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड अशी तणनाशकं वापरतात. ती गवतातून जनावराच्या पोटात जातात, तिथे मोडत नाहीत, शेणात उतरतात आणि खतातही बराच काळ टिकतात. गवतवर्गाला त्यांचा त्रास नसतो, म्हणून मका हसत उभा राहतो.

आमचा तिसऱ्या वर्षीचा सगळा टोमॅटो असा गेला. ज्यांच्याकडून खत घेतलं त्यांनाही वैरणीवर काय फवारलं होतं ते ठाऊक नव्हतं, कारण वैरण त्यांनीही बाहेरूनच घेतली होती. आता आम्ही परीक्षा घेतो. तीन कुंड्यांत नवं खत आणि माती निम्मी-निम्मी, तीन कुंड्यांत नुसती माती, सगळ्यांत घेवड्याचं बी. तीन-चार आठवडे बघायचं. खताच्या कुंड्यांतली पानं वाटीसारखी वळली, तर ते खत भाजीला नाही. वाफ्यात आधीच पडलं असेल तर तिथे मका किंवा दुसरं गवतवर्गीय पीक घ्या, माती वारंवार हलवून ओली राखा, आणि त्या पिकाचे अवशेष कंपोस्टात टाकू नका.

१०. बी घरचं धरता येतं का? कुठल्या भाजीपासून सुरू करू?

टोमॅटो, घेवडा, वाटाणा, सॅलडची पानं. यांचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे वाण भेसळत नाही. पाकिटावर संकरित किंवा एफ-१ लिहिलं असेल तर त्याचं बी उगवेल, पण पुढची पिढी आई-बापासारखी निघेलच असं नाही. सरळ वाण घ्या. फळ सगळ्यात आधी धरलेलं, झाड निरोगी, चव आवडलेली, असं एक झाड दोरी बांधून राखा. दोरी नाही बांधली तर घरातलं कुणीतरी नेमकं तेच तोडतं.

टोमॅटोचं बी गरासकट वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबू द्या. वर पांढरट साय धरते, बीवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. धुऊन थाळीवर वाळवा. कागदावर वाळवू नका, चिकटून बसतं.

मका आणि भोपळा दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. मक्याचा पराग वाऱ्यावर शेकडो मीटर जातो आणि चार-दोन झाडांचं बी धरत गेलं तर वाण पिढीगणिक कमजोर होतो. शंभरेक झाडं तरी हवीत. भोपळ्याचं काम मधमाश्या करतात, म्हणून संध्याकाळी उद्या उमलणारी नर-मादी फुलं कापडाने बांधा आणि सकाळी हाताने पराग लावा. काकडी आणि खरबूज शेजारी असले तरी त्यांचा संकर होत नाही, त्याची काळजी करू नका.

११. घरच्या बियांचा भोपळा कडू निघाला. शिजवला तर चालेल ना?

चालणार नाही, टाकून द्या. भोपळा, दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुर्बिटॅसिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. खाण्याच्या वाणांतून ती निवडीने घालवलेली आहेत, पण शोभेच्या किंवा रानटी भोपळ्याशी संकर झाला की परत येतात. शिजवून जात नाहीत. पोटात गेली तर उलट्या, जुलाब, कधी त्याहून वाईट. चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून थुंकायची जुनी सवय याचसाठी आहे. त्या फळाचं बीही ठेवू नका.

१२. साठवलेलं बी किती वर्षं चालतं?

कांदा एक-दोन वर्षं, घेवडा तीन-चार, टोमॅटो आणि काकडी चार-पाच किंवा जास्त. बी वाळवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: बियातला ओलावा एका टक्क्याने उतरला की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. म्हणून आधी नीट वाळवा, मग हवाबंद बरणीत, मग थंड जागी. शंका असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. सात उगवल्या तर थोडं दाट पेरा, तीन उगवल्या तर नवं आणा.

१३. धान्य-कडधान्याला कीड लागते. काय करू?

ओलावा १२-१३ टक्क्यांच्या खाली आणा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. डबा काठोकाठ भरा, हवाबंद करा. आतल्या थोड्या हवेतला प्राणवायू संपला की कीड आपोआप मरते, अर्धा रिकामा डबा मात्र तिला वर्षभर पुरतो.

कडधान्याची गोष्ट वेगळी. भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि अळी दाण्याच्या आत बसून घरी येते. त्यामुळे डबा कितीही स्वच्छ असला तरी दोन महिन्यांनी दाण्याला गोल भोक दिसतं. शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंशांना आठवडाभर ठेवलं की अंड्यांपासून भुंगेऱ्यापर्यंत सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी उघडू नका, आधी खोलीच्या उबेला येऊ द्या, नाहीतर दव धरतं आणि केलेलं वाळवण वाया जातं.

बटाटा अंधारात ठेवा. हिरवा झालेला आणि कोंब फुटलेला भाग खोल कापून टाका, सगळाच हिरवा असेल तर कंपोस्टात.

१४. भाज्या बाटलीत भरून, पाण्यात उकळून वर्षभर ठेवल्या तर?

या प्रश्नाला आम्ही दरवेळी लांबलचक उत्तर देतो, कारण इथे चूक झाली तर माणूस दगावतो.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू मातीत सगळीकडे असतो. त्याचे बीजाणू १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. बाटली सील झाली की आत प्राणवायू नाही, आम्लता कमी, ऊब भरपूर: त्याला हवं ते सगळं. तो जे विष करतो त्याला वास नाही, चव नाही, बाटली फुगेलच असंही नाही.

म्हणून सीमारेषा आम्लतेची. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.६ किंवा कमी असेल, म्हणजे बहुतेक फळं, व्हिनेगरमधली लोणची, मुरांबे, तर उकळत्या पाण्यातली बाटली चालते. त्यावर असेल, म्हणजे घेवडा, मका, गाजर, मटण, आमट्या, तर दाबाखाली ११६ ते १२१ अंशांपर्यंत तापवायलाच हवं, आणि तेही त्यासाठीच बनवलेल्या भांड्यात, तपासलेल्या वेळेप्रमाणे. स्वयंपाकाचा साधा कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो, त्याला ते वेळापत्रक लागू पडत नाही. टोमॅटो नेमका सीमेवर बसतो, म्हणून लिटरच्या बाटलीला दोन मोठे चमचे बाटलीबंद लिंबूरस घाला. ताज्या लिंबाची आम्लता कमी-जास्त होते, इथे ते परवडत नाही.

तेलात बुडवलेली कच्ची लसूण हा याचाच घरगुती अवतार. थंडीतच ठेवा, चार दिवसांत संपवा. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, घरच्या पोळ्यातला असला तरी. त्याच जंतूचे बीजाणू मधात असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते रुजतात.

एवढं वाचून कंटाळा आला असेल तर भाजी वाळवा. आम्ही तेच करतो.

१५. कोंबड्या किती ठेवाव्यात? कोंबडा लागतो का?

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. चौघांना पाच-सहा कोंबड्या पुरतात. तलंगा (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या) पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की अंडी सुरू होतात. दिवस लहान झाला की थांबतात, कारण त्यांना चौदा-सोळा तासांचा उजेड लागतो. पिसं झडायच्या दिवसांतही अंडी बंद. याला आजार समजून औषधं घालू नका.

खुडूक बसलेली कोंबडी उपद्रव की संपत्ती, हे तुम्हाला पिल्लं हवीत का यावर आहे. हवी असतील तर एकाच दिवशी सगळी अंडी तिच्याखाली ठेवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं येतात. थोडी-थोडी करून ठेवलीत तर पहिली दोन पिल्लं निघताच ती उठते आणि बाकीची अंडी थंड पडतात.

आता न आवडणारी गोष्ट. एक कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. सहा कोंबड्यांचं वर्षाला २५० किलो झालं. ते पोत्याने बाहेरून येत असेल, तर तुम्ही दाण्याची अंडी करताय, स्वयंपूर्णता आली नाही. उरलंसुरलं, तण, किडे, गांडूळ यांवर काही भाग भागतो, सगळा नाही. आमचं साधारण एक तृतीयांश भागतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा नसेल तर संख्या कमीच ठेवा.

१६. दुधासाठी गाय बरी की शेळी?

चौघांना शेळी. ४०० किलोची गाय दिवसाला दहा-बारा किलो कोरड्या वजनाचा चारा खाते आणि एवढं दूध देते की तुमचा अर्धा दिवस दूध संपवण्यात जातो. शेळी एकटी ठेवू नका, दिवसभर ओरडून घर डोक्यावर घेते. दोन घ्या, वेगवेगळ्या वेळी विणाऱ्या, म्हणजे दूध खंडत नाही.

दुधासाठी जनावर व्यावं लागतं, हे लोक विसरतात. शेळी पाच महिने गाभण राहते, गाय नऊ महिन्यांहून थोडं अधिक. जन्मणाऱ्या करडांतली निम्मी बोकडं. त्यांचं काय करणार, याचं उत्तर घरात सगळ्यांनी एकत्र बसून आधी द्या. मुलांनी नावं ठेवल्यावर नाही.

शेळ्या-मेंढ्या एकत्र असतील तर शेळीचं खनिज मिश्रण मेंढीला देऊ नका. त्यातलं तांबं मेंढीला विषारी ठरतं. दूध कच्चं पिऊ नका: ६३ अंशांवर तीस मिनिटं ठेवा किंवा सरळ उकळा.

१७. छतावर सौर पॅनेल आहेत, तरी वीज गेली की घरात अंधार. फसवणूक झाली का?

नाही. विजेच्या जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, जाळ्यातली वीज गेली की मुद्दाम बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्याला तुमच्या छतावरचा शॉक बसेल. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरी आणि घर जाळ्यापासून तोडून चालणारी जोडणी वेगळी घ्यावी लागते.

बॅटरी घेण्याआधी रोजची युनिटं मोजा. चांगल्या उन्हात १ किलोवॅट पॅनेल दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देतं. शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याहून जास्त उपसू नये, म्हणजे ४ युनिटं वापरायला ८ युनिटांची बॅटरी. लिथियमची ५ पुरते. आमची पहिली बॅटरी आम्ही रोज तळाला नेली आणि दोन वर्षांत संपवली. पाणी तापवणं, इस्त्री, शेगडी विजेवर ठेवलीत तर कुठलाच हिशेब जुळत नाही. पाणी तापवायला उन्हाचा बंब वेगळा लावा.

१८. गोबर गॅसवर स्वयंपाक होईल का?

एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गॅस निघतो. चौघांच्या स्वयंपाकाला रोज दीड घनमीटर धरला तर ३५ ते ४० किलो शेण हवं, म्हणजे बांधलेली तीन-चार मोठी जनावरं. दोन शेळ्यांवर होणार नाही. थंडीत, टाकीतलं तापमान १५ अंशांखाली गेलं की गॅस जवळपास बंद पडतो. स्वयंपाकघराचा कचरा घातला तर गॅस वाढतो, पण एकदम खूप घातला तर टाकी आंबते. टाकीतून बाहेर पडणारी मळी मात्र सोन्यासारखी, ती झाडांना.

१९. मधमाश्या पाळू का?

बाग तीन ऋतूंत फुलत असेल तर. आधी घरात कुणाला डंखाची तीव्र ॲलर्जी नाही ना, ते डॉक्टरांकडून बघून घ्या.

२०. आठवडाभर बाहेरगावी जायचं झालं तर?

बाग आठवडाभर एकटी राहते: जाताना भरपूर पाणी आणि बोटभर जाड आच्छादन, काकड्या-घेवडा आदल्या दिवशी अगदी बारीकसुद्धा तोडून घ्या, म्हणजे परत येईपर्यंत वेली फळणं थांबवत नाहीत. कोंबड्यांना संध्याकाळी दार लावणारं कुणीतरी लागतं, दाणा-पाण्याचं एकदम भरून ठेवता येतं. दुभत्या शेळीला मात्र धार काढता येणारा माणूसच लागतो, आणि तो निघायच्या आठ दिवस आधीपासून तुमच्यासोबत धारेला बसलेला हवा. नवा हात लागला की शेळी पान्हा चोरते.

आमच्या गोठ्याच्या खिळ्याला एक वही अडकवलेली असते. कुणाची धार आधी, कुठली शेळी बादलीला लाथ मारते, खुराड्याची कडी कशी उचलून लावायची, पशुवैद्याचा क्रमांक. मागच्या वेळी परत आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी त्यात शेवटी लिहून ठेवलं होतं: काळी शेळी गाणं म्हटलं की उभी राहते, तुम्ही सांगितलं नव्हतंत.